शांततेत पार पडले

कुंडलिक व्हनमाने पोलिसात भरती झाला तेव्हा त्याच्या वडिलांनी कुंभारी गावात घरोघरी पेढे वाटले होते. पोरगा आता चोर-दरोडेखोर धरणार, असं ते भेटेल त्याला सांगत. प्रत्यक्षात सत्तावीस वर्षांत कुंडलिकनं धरलेले चोर दोनच, आणि त्यातला एक चोरलेली मोटारसायकल ढकलून ढकलून आधीच दमलेला. पहिली काही वर्षं बंदोबस्तात गेल्यावर त्याला सोलापूर शहराबाहेरच्या एका ठाण्यात गोपनीय विभागाचं काम मिळालं, आणि तो तिथंच रुतला. गोपनीय हे नाव मोठं. काम एवढंच, की हद्दीत कुठं मोर्चा, उपोषण, रास्ता रोको असलं की साध्या कपड्यांत तिथं जायचं, कोण काय बोललं, माणसं किती, बायका किती ते बघायचं, आणि संध्याकाळच्या आत साहेबांच्या टेबलावर अहवाल ठेवायचा.

साधे कपडेही नावालाच. हद्दीतल्या गावागावांत त्याला सगळे ओळखत. मंडपाजवळ मोटारसायकल लावली की कुणीतरी खुर्ची पुढं करायचं. "या हवालदार. तुमच्याबिगार सुरू कसं करायचं?" तो बसायचा, चहा घ्यायचा, भाषणं ऐकायचा. दुपारी शहराच्या जुळे सोलापूर भागातल्या घरी जेवायला यायचा आणि पुन्हा जायचा.

सोळा वर्षं असं बसून त्याला माणसांची एक समज आली होती. ती त्यानं कधी कागदावर उतरवली नाही. बायकांनी फडक्यात भाकरी बांधून आणल्या असतील तर दगड उठत नाही. त्या दिवसभर बसायच्या तयारीनं आलेल्या असतात. हलगी वाजते आहे तोवर काळजी नाही. शिव्या देणारे घसा बसला की घरी जातात. जिथं माणसं बोलायची थांबतात आणि सगळी एकाच दिशेला बघायला लागतात, तिथं मात्र आपली मोटारसायकल लांब लावावी. आणि माणसं बसतात कशासाठी, तेही त्याला कळलं होतं. मागणी पाण्याची असो, विजेची असो, पहिल्या दिवशी त्यांना फार काही नको असतं. एखादा साहेब गाडीतून उतरून मंडपापर्यंत चालत यावा, एवढंच हवं असतं.

त्याच्या हद्दीत जोळहळ्ळी नावाचं गाव होतं. नवा चौपदरी रस्ता या गावाच्या मधून गेला. घरं एका बाजूला राहिली. शाळा, अंगणवाडी आणि निम्मी शेतं दुसऱ्या बाजूला गेली. रस्ता करताना खालून जायला बोगदा ठेवणार असं सांगितलं होतं, पण नकाशा बदलला, आणि पलीकडं जायचं तर दोन किलोमीटर लांब वळसा पडू लागला. डोक्यावर ओझं घेऊन कोण एवढं चालणार? लोक मधला दुभाजक ओलांडून जायला लागले. पहिल्याच वर्षी दोन माणसं गेली. मग दर वर्षी एक, कधी दोन.

गावात वेणीमाधव पुजारी नावाचे निवृत्त गुरुजी होते. वय सत्तरीच्या पुढं. सकाळी महादेवाची पूजा करायची, दुपारी वाचत बसायचं, निम्मं कानडीत आणि निम्मं मराठीत बोलायचं. बोगद्यासाठीचं आंदोलन त्यांनी वर्ग चालवावा तसं चालवलं. कुणी काठी आणायची नाही, कुणी दारू पिऊन यायचं नाही, अधिकाऱ्याला अरेतुरे करायचं नाही. सहा वर्षांत त्यांनी नऊ आंदोलनं केली. निवेदनं दिली, साखळी उपोषण केलं, सोलापुरात जिल्हा परिषदेच्या पूनम गेटसमोर हलगीनाद केला. एकदा तर दुभाजकावरच फळा टेकवून दिवसभर चौथीचा वर्ग घेतला. वर्तमानपत्रात फोटो आला. दर वेळी रस्त्याच्या ऑफिसातून एक पत्र यायचं, की आपली मागणी वरिष्ठांकडे पाठवण्यात आली आहे.

आंदोलन संपलं की गुरुजी सतरंजी झटकता झटकता कुंडलिकला विचारायचे, "काय लिहिलंत हवालदार?"

"नेहमीचंच, गुरुजी. आंदोलन शांततेत पार पडले."

"बरं केलंत. तेवढं मात्र बदलू नका. पुढची परवानगी त्यावरच मिळते आम्हाला."

कुंडलिकलाही ते वाक्य लिहायला बरं वाटायचं. साहेब खूष, गाव खूष, कुणाच्या अंगाला ओरखडा नाही.

एकदा अहवालाची प्रत द्यायला तो रस्त्याच्या ऑफिसात गेला. आवक-जावकच्या टेबलावर चेतना मॅडम म्हणून एक बाई होत्या. त्या संत्रं सोलत होत्या. त्यांनी प्रत घेतली, शेवटची ओळ वाचली, शिक्का मारला आणि कागद मागच्या कपाटात सारला.

"आता पुढं कुठं जाणार हा?" कुंडलिकनं सहज विचारलं.

"पुढं कुठं? शांततेत झालंय ना. मग तिथंच राहतो."

"आणि शांततेत नसतं झालं तर?"

"मग वरून फोन येतो. साहेबांना लगेच गाडी काढावी लागते." त्यांनी संत्र्याच्या दोन फोडी त्याच्यापुढं धरल्या. "घ्या. गोड आहे."

त्यानं फोडी खाल्ल्या. बाई काही वाईट बोलली नव्हती. ऑफिसात जे चालतं ते तिनं सांगितलं होतं. पण पुढच्या उपोषणाच्या वेळी कुंडलिकनं अहवालात एक ओळ वाढवली: ग्रामस्थांमध्ये असंतोष वाढत असून वेळीच दखल न घेतल्यास अनुचित प्रकार घडू शकतो. ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी ती ओळ बोटानं दाबून धरली.

"कुंडलिक, दगड आहेत का तिथं?"

"नाहीत साहेब."

"काठ्या?"

"नाहीत."

"मग हे काय आहे? हे वाचून मला उद्या जादा कुमक मागवावी लागेल. बसलेत ना लोक? बसू दे. काढ ही ओळ."

कुंडलिकनं दुसरा कागद घेतला आणि अहवाल पुन्हा लिहिला. मंडपात गुरुजींना त्यानं यातलं काही सांगितलं नाही. सांगून काय करणार होता? दगड मारा म्हणणार होता?

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात, सकाळी पावणेदहाच्या सुमाराला, अंगणवाडीच्या सेविका धनलक्ष्मी रस्ता ओलांडत होत्या. त्या दिवशी पोरांची वजनं घ्यायची होती, म्हणून हातात वजनकाटा होता. दुभाजकावरून उतरताना काट्यानं तोल गेला असेल, किंवा टँकर दिसला नसेल. बघणारं जवळ कुणी नव्हतं.

कुंडलिक सव्वादहाला पोचला. बाईवर कुणीतरी लुगडं पांघरलं होतं. शेजारी तिचा नवरा बिरुदेव मांडी घालून बसला होता. पस्तिशीचा माणूस, स्वतःची दीड एकर करून दुसऱ्यांच्या शेतातही राबणारा. गुरुजींच्या नऊही आंदोलनांत त्यानं मंडपाचे बांबू रोवले होते. त्याची आई रंभाबाई थोडी बाजूला, रस्त्यावर पाय पसरून. दोन्ही बाजूंची वाहनं थांबली होती. हळूहळू अख्खं गाव येऊन बसलं. गुरुजींनी सगळ्यांना ओळीत बसवलं, बायका एकीकडं, गडी एकीकडं. मग ते कुंडलिकजवळ आले.

"रस्त्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी हितं यावं आणि बोगद्याचं लिहून द्यावं. मग आम्ही आमचं हे लेकरू उचलतो. यापलीकडं आमचं काही मागणं न्हाय."

कुंडलिकनं ठाण्यात फोन केला. मोठ्या साहेबांनी विचारलं, "बसलेत का उभे आहेत?" बसलेत म्हटल्यावर त्यांनी त्याला चार शिपाई दिले आणि रस्त्याच्या ऑफिसाला कळवतो म्हणाले. अकरा वाजले. कुंडलिकनं स्वतः रस्त्याच्या ऑफिसात लावलं. साहेब मीटिंगमध्ये. साडेअकराला पुन्हा लावलं. मीटिंगमध्येच. त्यानं लोकांकडं वळून सांगितलं, "साहेब निघालेत."

ते खोटं होतं. पण लोकांनी ते घेतलं, आणि बसून राहिले. साडेबाराला त्यानं पुन्हा तेच सांगितलं. दीडला पुन्हा. ऊन डोक्यावर होतं. त्या दिवशी कुणी भाकरी बांधून आणल्या नव्हत्या, हलगी नव्हती, घोषणा नव्हत्या. दोनच्या पुढं लोकांचं आपसात बोलणंही थांबलं. सोलापूरच्या बाजूनं येणाऱ्या रस्त्याकडं सगळे बघत होते. कुंडलिकनं आपली मोटारसायकल कुठं लावली आहे ते एकदा बघितलं. जवळच होती. त्यानं ती हलवली नाही.

पावणेतीनला बिरुदेव उठला आणि त्याच्यापुढं येऊन उभा राहिला. आवाज अगदी साधा होता.

"हवालदार, साहेब कुटवर आलं?"

"येतायत की."

"तुमी सकाळपासनं तेच सांगालाय. आता लावा फोन. आमाला बी ऐकू द्या."

कुंडलिकनं फोन लावला. या वेळी खुद्द साहेबांनीच उचलला. आणि कुंडलिकनं अंगठ्यानं स्पीकर चालू केला. का केला, ते त्याला पुढं पुष्कळांनी विचारलं. त्यानं स्वतःलाही विचारलं. सोळा वर्षं एकट्यानं ऐकलं होतं, तेवढंच एक होतं.

"हां, बोला," साहेब म्हणाले. मागं चमचे-बशांचा आवाज येत होता. "शांत बसलेत ना लोक? मग बसू द्या की. मी आज काही येत नाही. त्या गुरुजीला म्हणावं, निवेदन दे. नेहमी देतोस तसं."

फोन बंद झाला. कुणी ओरडलं नाही. बिरुदेवनं फोनकडं बघितलं, मग गुरुजींकडं. गुरुजी काहीतरी म्हणायला गेले, कानडीत म्हणायचं की मराठीत हे ठरेना असं त्यांचं तोंड नुसतं हललं. मग मागच्या ओळीतून पहिला दगड गेला.

रस्त्याच्या कडेला देखभालीवाल्यांची पत्र्याची चौकी होती. तिच्या काचा गेल्या, मग दार गेलं. आत दोन कामगार होते. गुरुजी धावत जाऊन दारात हात पसरून उभे राहिले, म्हणून कामगार मागच्या खिडकीतून निसटले. गुरुजींच्या उजव्या कानावर दगड बसला आणि ते पायरीवर खाली बसले. चौकीपुढच्या जीपला कुणीतरी आग लावली. त्यानंतर तिथंच उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरला. बिरुदेव दगड मारत असताना कुंडलिकनं त्याला बघितलं. एक, दोन, तीन. तो रडत नव्हता. काम करावं तसा मारत होता. कुंडलिक त्याच्यापासून दहा पावलांवर उभा होता.

चाळीस मिनिटांत पोलिसांच्या तीन गाड्या आल्या. त्यांच्या मागोमाग चार साहेब आले. रस्त्याच्या ऑफिसातले तेही आले, ज्यांची मीटिंग होती. गाडीतून उतरून ते काचांवरून चालत लोकांपर्यंत आले. संध्याकाळी पाच वाजता शिक्क्याचं पत्र मिळालं: बोगद्याचं काम तीन महिन्यांत सुरू करू. लोकांनी धनलक्ष्मीला उचललं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पोलिसांनी तेवीस जणांना उचललं, त्यात बिरुदेव पहिला.

त्या दिवसापासून कुंडलिकच्या आत काहीतरी बंद पडलं. ते दुःख होतं असं म्हणता येत नाही. दुःख त्याला ठाऊक होतं, वडील गेले तेव्हा झालं होतं. हे तसं नव्हतं. तो वेळेवर उठायचा, दाढी करायचा, ड्युटीवर जायचा. एक दिवस बायको रुक्मिणीनं विचारलं, "आमटीत मीठ न्हाय पडलेलं आज. तुमी काय बोलला न्हाई?" त्यानं वाटीकडं बघितलं. निम्मी वाटी संपली होती.

"लक्षात नाही आलं," तो म्हणाला.

तिनं मीठ आणून पुढं ठेवलं. त्यानं ते घातलं आणि उरलेली आमटी संपवली. दोन्हीत फरक कळला नाही.

चौकशीला बाहेरून एक अधिकारी आले. तरुण होते, नीट विचारत होते. आदल्या दिवशी मोठ्या साहेबांनी कुंडलिकला बोलावून बसवलं होतं. बसवलं, हेच पहिल्यांदा.

"बाहेरची माणसं होती ना त्यात? दोन-चार तरी असणारच."

"नव्हती साहेब. सगळी गावातली होती."

"अफवा पसरली असेल. जमाव अफवेनं भडकतो."

कुंडलिकनं नकारार्थी मान हलवली.

"तुझी चार वर्षं राहिलीत रे," साहेब म्हणाले. धमकी दिल्यासारखं नव्हतं त्यांचं. खरंच काळजीनं म्हणत होते.

चौकशीच्या टेबलावर त्या अधिकाऱ्यानं विचारलं, "पाच तास लोक बसून होते. मग एकदम काय झालं?"

"फोन झाला साहेब."

"कुणाचा?"

"माझा. मी स्पीकरवर टाकला."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. "याचा अर्थ कळतोय का तुम्हाला?"

"कळतोय."

"मग असं करा, तुम्हीच लिहा. तुमच्या शब्दांत."

कुंडलिकनं दीड पान लिहिलं. फोनवरचे शब्द जसेच्या तसे. त्याआधी तीन वेळा साहेब निघालेत असं आपण खोटं सांगितलं, तेही. नऊ आंदोलनांचे नऊ अहवाल, त्यातली काढायला लावलेली ओळ, चेतना मॅडमच्या मागचं कपाट. फक्त बाईंचं नाव त्यानं घातलं नाही. आपण काही धाडसाचं करतोय असं त्याला वाटलं नाही. कुणीतरी विचारलं होतं आणि झालं ते तो सांगत होता. खाली त्यानं सही केली.

त्याचं पुढं काय झालं? एक वेतनवाढ थांबली आणि त्याची बदली मुख्यालयाच्या भांडारात झाली. फोनवरच्या साहेबांचीही बदली झाली, दुसऱ्या जिल्ह्यात. दोषारोपपत्र दाखल झालं तेव्हा बिरुदेवच्या वकिलानं कुंडलिकला सांगितलं, की त्याचं दीड पान त्यात कुठंच नाही. "मी मागवून घेईन," वकील म्हणाला. अजून मागवतो आहे. तेवीस जण चार महिन्यांनी जामिनावर सुटले. बिरुदेवला दर सोमवारी ठाण्यात हजेरी द्यावी लागते. सोमवारची त्याची रोजंदारी बुडते, म्हणून लोक त्याला कामाला सांगायचे कमी झालेत.

भांडारात कुंडलिककडं लाठ्या, शिरस्त्राणं आणि जाळीच्या ढाली असतात. कुठं बंदोबस्त निघाला की पोरं येतात, घेऊन जातात, परत आणतात. तो ती पुसून जागेवर ठेवतो. काम सोपं आहे. कुणी खुर्ची पुढं करत नाही आणि कुणी काही विचारत नाही.

बोगदा सात महिन्यांत झाला. सहा वर्षं जो होत नव्हता तो. फीत कापायला पुढारी आला, पण कुंडलिक तेव्हा गेला नाही. तो गेला त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका रविवारी ड्युटी संपल्यावर. मोटारसायकल बोगद्यातून घातली. आत गारवा होता, शेवाळाचा वास होता आणि वरून जाणाऱ्या गाड्यांची घरघर. पलीकडं निघाल्यावर त्यानं गाडी थांबवली आणि मागं बघितलं. काहीतरी वाटेल म्हणून थोडा वेळ थांबला. मग गाडी सुरू केली.

बिरुदेवच्या दारात रंभाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. नात शेजारी अभ्यास करत होती. पोरीचं नाव संस्कृती, यंदा तिसरीत.

"बसा दादा," त्या म्हणाल्या. "बिरू रानात गेलाय. येईल आता."

"बरं हाय का, मावशी?"

"हाय की. पोरगी आता खालनं जाती साळंला." त्यांनी शेंगांचं टोपलं त्याच्याकडं सरकवलं. "लोक म्हणत्यात, तुज्या सुनंमुळं बोगदा झाला. म्या काय म्हनू त्येला? व्हय म्हनते."

कुंडलिकनं चार शेंगा फोडल्या. बिरुदेव आला, विळा भिंतीला अडकवला, हात धुऊन समोर बसला. पुढची तारीख कधी, वकील काय म्हणतो, एवढं बोलणं झालं.

"तुमी लिहून दिलं म्हनं," बिरुदेव म्हणाला.

"दिलं. पण ते कुटं लागलेलं न्हाय."

"असू द्या." बिरुदेवनं टोपल्यातली एक शेंग उचलली. "हवालदार, त्या दिवशी सायेब आला असता तर म्या त्येच्या पाया पडलो असतो. खरं सांगतो. आमी समदी तेवड्यासाठीच बसलो हुतो."

"माहीत हाय," कुंडलिक म्हणाला.

निघताना तो गुरुजींकडं गेला. गुरुजींना उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. त्यांनी त्याला डावीकडं बसवून घेतलं आणि पुढ्यात एक कागद ठेवला. सुवाच्य अक्षरात लिहिलेलं निवेदन होतं. बोगद्यात पावसाचं पाणी साठतं, दिवे लागत नाहीत, पोरी शाळेला जायला घाबरतात.

"मंगळवारी बसतोय. बोगद्याच्या तोंडाशी," गुरुजी म्हणाले.

"किती जण येतील?"

"पाच-सहा. बाकीचे म्हणतात, बसून काय होतंय गुरुजी, मागच्या वेळी बघितलं की कशानं झालं ते." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "त्यांना काय उत्तर द्यावं, मला सुचत नाही. सहा वर्षं मी त्यांना बसवलं. त्यात माणसं मेली. पोरांनी एक तास दगड मारले आणि काम झालं. आता हे डोक्यातून कसं काढायचं?"

कुंडलिकनं निवेदन वाचलं, तारीख चुकली होती ती दाखवली. गुरुजींनी ती दुरुस्त केली.

"मंगळवारी माझी सुट्टी असते," तो म्हणाला.

मंगळवारी दहा वाजता तो गेला. मंडप नव्हता, बोगद्याची सावली होती. सतरंजीवर गुरुजी, रंभाबाई, तीन म्हाताऱ्या आणि शाळेतले एक मास्तर बसले होते. गोपनीयचा नवा माणूस साध्या कपड्यांत उभा होता, विशीतला. कुंडलिकला बघून तो गोंधळला आणि त्यानं सलाम केला. कुंडलिकनं चपला काढल्या आणि सतरंजीच्या टोकाला बसला. त्याच्या पायांना इतका वेळ खाली बसायची सवय राहिली नव्हती, ते बधिर झाले. एक रिक्षा आणि थोड्या मोटारसायकली पाणी उडवत गेल्या. दुपारी रंभाबाईंनी फडक्यात बांधून आणलेल्या भाकरी सोडल्या आणि सगळ्यांना वाटून दिल्या. ठेचा तिखट होता. कुंडलिकच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ठेच्यानं आलं असं तो धरून चालला.

चार वाजेपर्यंत कुणी आलं नाही. मग गुरुजींनी निवेदन घडी करून पिशवीत ठेवलं, मास्तर सतरंजी झटकायला लागले, आणि कुंडलिकनं तिचं दुसरं टोक धरलं.